ट्रॅक डेला जाताना गाडीचे हेडलाइट आणि रंग कसे जपावेत

छत्रपती संभाजीनगरहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ब्रेकचे तेल नवे होते, हेल्मेट चांगले होते, आणि रंग जपण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली पिवळट मास्किंग टेपची चार रिळे डिकीत होती. दिवस उत्तम गेला. परत निघताना हेडलाइटवरची टेप मी काढली, पण बंपरवरची राहू दिली. येतानाच्या रस्त्यावरची खडीही तीच झेलेल, असा माझा हिशेब होता. एप्रिल संपत आला होता. दोन दिवस उन्हात भाजून निघालेली ती टेप मी घरी अंगणात काढायला घेतली, तर पहिल्याच पट्टीसोबत बंपरचा रंग वीतभर सोलून आला. पट्टीच्या पाठीला लाल पापुद्रा होता आणि त्या पापुद्र्याच्या मागे पुट्टीचा पांढरा थर. गाडी जुनी घेतलेली होती. बंपर आधी कोणीतरी रंगवून घेतला होता, हे मला त्या दिवशी कळले. ट्रॅकवरच्या दगडांनी जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे मी स्वतःच्या हाताने केले.

पुढे काही वेळा गेल्यावर जे अंगवळणी पडले, ते येथे क्रमाने लिहीत आहे. नव्याने जाणाऱ्यांना एवढे आधी सांगतो की टेप लावण्याची चिंता सगळेच करतात, पण खरे कौशल्य ती कोणत्या रंगावर लावायची हे ओळखण्यात आणि ती वेळेत काढण्यात आहे.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. आपली रोजची, नंबरप्लेट असलेली गाडी बंद सर्किटवर पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांत, आयोजकांच्या नियमांनुसार वेगाने चालवण्याची ती सोय असते. वाळूजला दुचाकी आणि शेंद्र्याला मोटारी तयार होत असल्या, तरी मराठवाड्यात सर्किट नाही. त्यामुळे आपल्याला चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा २०११ ते २०१३ या वर्षांत फॉर्म्युला वन झालेले ग्रेटर नोएडाचे ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध सर्किट गाठावे लागते. म्हणजे जपण्याची सुरुवात ट्रॅकवर नाही, तर घराच्या फाटकापाशीच होते.

१. गाडीवरचा रंग कंपनीचा आहे की गॅरेजचा, हे आधी ओळखा

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे चार थर असतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, हे लक्षात घेतले की आपण केसापेक्षाही पातळ थर जपायला निघालो आहोत, हे कळते. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असल्यामुळे तो टेपला सहसा दाद देत नाही. गॅरेजमध्ये पुट्टी भरून रंगवलेला भाग मात्र कितीही चकचकीत दिसला, तरी त्याची पकड खात्रीची नसते.

डेंटिंग-पेंटिंगच्या चांगल्या दुकानांत रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र असते. पत्र्यावर आकडा २०० मायक्रॉनच्या वर गेला, तर तेथे दुसऱ्यांदा रंग लागला आहे असे समजावे, आणि तो पाचशेच्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे असे धरून चालावे. एक अडचण अशी की हे साधे यंत्र धातूवरच चालते आणि पुढचा बंपर तर प्लास्टिकचा असतो. तेथे डोळ्यांवरच भरवसा ठेवावा लागतो. सकाळच्या तिरप्या उन्हात बंपर आणि शेजारचे फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, एकत्र पाहावे. छटेत किंचित फरक, जालन्याच्या मोसंबीच्या सालीसारखा खडबडीतपणा, रबराच्या कडेवर उडालेले रंगाचे बारीक ठिपके किंवा जाळीच्या खाचेत रंगाची साचलेली कड, यांपैकी काहीही दिसले की तो भाग रंगवलेला आहे.

रंगवलेल्या भागावर टेप लावूच नये असे नाही. पण रंगकाम होऊन किमान एक महिना झालेला नसेल, तर त्या भागाला टेप किंवा फिल्म यांपैकी काहीही लावू नये, कारण आतले द्रावण पूर्ण उडून गेलेले नसते. महिना उलटला असेल, तर बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला बोटभर तुकडा चिकटवून तासाभराने सावकाश काढून पाहावा. ही चाचणी घरीच करावी. ट्रॅकच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या आवारात, उभे राहून करण्याची ही गोष्ट नाही.

२. सामान आणि कागदपत्रे

टेपच्या बाबतीत काटकसर करू नये. रंगकामासाठी मिळणारी निळी, कमी चिकट पेंटर्स टेप दोन इंच रुंदीची घ्यावी. चांगल्या निळ्या टेपच्या वेष्टनावर ती किती दिवसांपर्यंत डाग न ठेवता निघते, ते छापलेले असते, आणि ३एमच्या प्रचलित निळ्या टेपवर हा आकडा १४ दिवसांचा आहे. पण तो भिंतीच्या रंगकामासाठी आहे, उन्हात तापणाऱ्या बॉनेटसाठी नाही, हे विसरू नये. खाकी पॅकिंग टेप, विजेच्या कामाची काळी टेप आणि कापडी डक्ट टेप या तिन्हींचा गोंद उष्णतेने रंगावर उतरतो, म्हणून त्या रंगाला लावू नयेत. डक्ट टेपचे एक छोटे रीळ सोबत असावे, पण ते लोंबकळणारे प्लास्टिक बांधण्यासाठी.

सोबत न्यायचे सामान असे:

- निळी पेंटर्स टेप, हॅचबॅकसाठी चार मोठी रिळे
- हेडलाइटसाठी पारदर्शक संरक्षक फिल्म किंवा पारदर्शक व्हिनाइल
- मायक्रोफायबरची किमान सहा फडकी, त्यांतली दोन फक्त चाकांसाठी
- गाडी धुण्याचा शाम्पू आणि दोन बादल्या
- पाण्यात निम्मे मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल, फवाऱ्याच्या बाटलीत
- डांबर काढण्याचे द्रावण आणि लोहकण काढण्याचे द्रावण
- केस वाळवण्याचे यंत्र
- गाडीच्या रंगाच्या क्रमांकाची टच-अपची बाटली
- गाडीचे माहितीपुस्तक आणि फ्यूजचा नकाशा

कागदपत्रांत वाहन चालवण्याचा परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी लागतात. आयोजकांच्या जबाबदारीमुक्तीच्या फॉर्मवर सही करावी लागते, आणि ती न वाचता कोणीही करू नये. विम्याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. आपल्या देशातील नेहमीच्या मोटार विम्याच्या अटींत संघटित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वासार्हता चाचणी यांसाठी केलेला वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. ‘ही शर्यत नव्हती’ असा युक्तिवाद करून ट्रॅकवर फुटलेल्या हेडलाइटचे पैसे मिळतील, या भरवशावर राहू नये. एलईडी हेडलाइटचा संच पाच आकडी रकमेत जातो आणि बहुतेक कंपन्या नुसती पुढची काच वेगळी देत नाहीत.

निघण्यापूर्वी गाडीच्या चारही बाजूंचे आणि दोन्ही हेडलाइटचे जवळून फोटो काढून ठेवावेत. परतल्यावर कोणता टवका नवा आणि कोणता जुना, यावर स्वतःशीच वाद घालावा लागत नाही.

३. जातानाचा रस्ता

संभाजीनगर, बीड आणि धाराशिवचे लोक बहुधा राष्ट्रीय महामार्ग ५२ ने सोलापूर, विजयपुरा करत बेंगळुरूमार्गे चेन्नईला जातात. हे अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास होते. नांदेड आणि लातूरच्या लोकांना हैदराबादमार्गे जाणे जवळचे पडते. दोन्ही रस्त्यांवर गाडीला लागणारे दगड ट्रॅकवरच्या दगडांपेक्षा संख्येने अधिक असतात. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची असते. ती टणक असते आणि क्रशरमधून निघाल्यामुळे तिच्या कडा धारदार असतात. ताडपत्री न टाकलेल्या गिट्टीच्या हायवामागे शंभर मीटरच्या आत राहू नये, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे तर रात्री मुळीच रेंगाळू नये.

प्रवासासाठी टेप लावू नये. ट्रॅकवर पोहोचल्यावर, सकाळी, सावलीत लावावी. हेडलाइट झाकून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणे धोक्याचे आणि नियमबाह्य आहे, हे वेगळे सांगायला नको.

४. धुणे आणि वाळवणे

ज्या पृष्ठभागावर धूळ आहे, त्यावर टेप लावणे म्हणजे धूळ आणि रंग यांना एकत्र दाबून ठेवणे होय. आपली काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होते, आणि तिच्यातील कण कोरड्या फडक्याने पुसले की क्लिअर कोटवर गोल गोल ओरखडे उठतात. म्हणून आधी नुसत्या पाण्याने माती सैल करून वाहून जाऊ द्यावी, मग शाम्पूच्या पाण्याने वरून खाली धुवावे.

आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, त्यामुळे मी एक घरगुती तोड काढली आहे. पाठीवर घेऊन शेतात फवारणी करतात तो १६ लिटरचा बॅटरीवरचा पंप मी खास गाडीसाठी नवा घेतला. बारीक पण जोरकस फवाऱ्याने एका पंपात पूर्ण गाडीची माती सैल होते. शेतातला वापरलेला पंप मात्र कितीही वेळा विसळला, तरी या कामाला घेऊ नये. त्यात तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा अंश राहतो.

बोअरच्या पाण्याचे दुखणे वेगळे आहे. त्यातील क्षार तापलेल्या रंगावर वाळले की पांढरे गोल डाग पडतात आणि उन्हात ते क्लिअर कोटमध्ये उतरत जातात. शेवटचे विसळणे जारच्या पाण्याने करावे. वीस लिटरचा एक जार एका गाडीला पुरतो, आणि डाग घासत बसण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

गाडी धुऊन झाल्यावर दारांच्या फटी, हेडलाइटच्या कडा आणि जाळी यांत अडकलेले पाणी फडक्याने टिपून घ्यावे, कारण वेग घेतल्यावर तेच पाणी बाहेर येऊन टेपच्या कडेखाली शिरते. जेथे टेप लागणार आहे, तेथे अल्कोहोलचे द्रावण फिरवावे. आदल्या आठवड्यात मेण किंवा सिरॅमिकचा फवारा मारला असेल, तर टेप धरणार नाही. चमक हवी असेल, तर ती परतल्यावर करावी.

५. हेडलाइट

हेडलाइट का झाकतात, हे समजले तर कशाने झाकावेत हे आपोआप कळते. जुन्या गाड्यांचे हेडलाइट काचेचे असत आणि फुटले की तुकडे ट्रॅकभर पसरून मागच्या गाड्यांचे टायर फाडत. तुकडे जागेवर धरून ठेवण्यासाठी त्यांवर फुलीच्या आकारात टेप लावण्याची पद्धत पडली. आजचे हेडलाइट पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असतात. ते सहसा फुटत नाहीत, पण पॉलिकार्बोनेट मऊ असते आणि त्याच्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा जो कठीण थर दिलेला असतो, तो अत्यंत पातळ असतो. दगडाने तो थर ठिकठिकाणी उडाला की त्या जागेपासून हेडलाइट पिवळा पडू लागतो. म्हणजे आता फुलीचा फारसा उपयोग उरलेला नाही. पूर्ण हेडलाइट झाकावा लागतो.

त्यासाठी पारदर्शक फिल्म उत्तम. पावसाची सर आली तर आयोजक दिवे लावायला सांगू शकतात, आणि चेन्नईला तर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच पावसाळा असतो. फिल्म हेडलाइटच्या आकारापेक्षा थोडी मोठी कापून, शाम्पूचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याचा फवारा मारून, मधून कडेकडे पाणी बाहेर काढत बसवावी. कटरने हेडलाइटवरच फिल्म कापू नये. आधी कागदाचा साचा करून घ्यावा.

फिल्म नसेल आणि निळी टेपच लावायची असेल, तर एक काळजी अनिवार्य आहे. दिवे पूर्ण बंद असले पाहिजेत. हॅलोजनचा दिवा ५५ ते ६० वॅटचा असतो आणि त्याची बहुतेक ऊर्जा उष्णतेतच जाते. टेपने ती अडवली की गोंद शिजतो आणि काच आतून तापते. ऑटोवर ठेवलेले दिवे बोगद्यासारख्या सावलीत किंवा ढग आल्यावर स्वतःहून लागतात, म्हणून बटण ‘बंद’वर असल्याची खात्री गाडीतून उतरून, डोळ्यांनी पाहून करावी. काही गाड्यांत दिवसा लागणारे दिवे इग्निशनसोबत चालू होतात आणि बटणाने बंद होत नाहीत. तेथे माहितीपुस्तक पाहून फ्यूज काढावा आणि तो काढल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवावी, नाहीतर परतीच्या रात्री आठवण होते.

मागचे दिवे, विशेषतः ब्रेकचे दिवे, कधीही झाकू नयेत. मागून येणाऱ्याला आपण ब्रेक कोठे लावला, ते दिसलेच पाहिजे.

हेडलाइट आधीच पिवळे पडले असतील, तर टूथपेस्टने घासण्याचा सल्ला मनावर घेऊ नये. त्याने उरलासुरला थर निघून जातो, आठ दिवस काच स्वच्छ दिसते आणि नंतर पूर्वीपेक्षा लवकर पिवळी पडते. योग्य पद्धत अशी की १००० पासून ३००० नंबरपर्यंतच्या वॉटर पेपरने क्रमाने ओले घासून, पॉलिश करून, लगेच अतिनील संरक्षण देणारे लेपन किंवा फिल्म लावावी. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढायचे द्रव यांचा तर पॉलिकार्बोनेटला स्पर्शही होऊ देऊ नये. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या कशानेही जात नाहीत.

६. रंगावर टेप

कोठे लावायची, हे आधी ठरवावे. पुढचा बंपर, बॉनेटची पुढची हातभर पट्टी, आरशांची पुढची बाजू, पुढच्या चाकामागचा दाराखालचा भाग आणि मागच्या चाकाच्या कमानीची पुढची कड, एवढे पुरे. शेवटच्या दोन जागा नवखे हमखास विसरतात. पुढच्या गाडीने उडवलेले दगड बंपरला लागतात, पण आपल्याच पुढच्या टायरने उचललेले दगड आणि रबर नेमके या दोन जागी आदळतात. टायर जेवढा मऊ आणि रुंद, तेवढा मारा जास्त.

टेप मागून पुढे लावत यावी. आपल्याकडे छपरावर पत्रे टाकताना वरचा पत्रा खालच्यावर चढवतात, जेणेकरून पाणी सांध्यात शिरू नये. येथे पाण्याच्या जागी वारा आहे. पुढची पट्टी मागच्या पट्टीवर अर्धा इंच चढलेली असली, की समोरून येणाऱ्या हवेला कोणतीही कड उघडी सापडत नाही. मी पहिल्या वेळी नेमके उलटे केले होते. तिसऱ्या फेरीत बॉनेटवरची टेप सुटून पुढच्या काचेवर फडफडू लागली आणि मला फेरी सोडून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, यावे लागले.

पट्टी ताणून लावू नये. ताणलेली टेप वळणावर मागे सरकते आणि कडा उचलते. वळणदार जागी लांब पट्टी वळवण्याऐवजी वीतभर तुकडे लावावेत. प्रत्येक पट्टीवरून फडके गुंडाळलेला अंगठा दाबून फिरवावा. बंपरवर दोन थर द्यावेत. एका थराने बारीक वाळू अडते, पण वाटाण्याएवढ्या खड्यासाठी दुसरा लागतो. वेग दुप्पट झाला की दगडाच्या धडकेची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे रस्त्यावर ज्या खड्याने नुसता आवाज होतो, तोच ट्रॅकवर टवका उडवतो.

जाळी, रेडिएटरकडे जाणारी हवेची वाट, ब्रेकला हवा देणारी छिद्रे, पार्किंगचे सेन्सर, रडार आणि गाडी ओढण्याच्या टो-हुकचे छिद्र यांवर टेप येऊ देऊ नये. चाकाच्या कमानीवरून टेप आत वळवताना अर्ध्या इंचापेक्षा जास्त वळवू नये, कारण गाडी वळणावर दबली की तापलेला टायर ती ओढून घेतो.

वर्षातून एकदाच जाणाऱ्याला टेपच योग्य. तीन-चार वेळा जाणार असाल, तर पुढचा बंपर, हेडलाइट, आरसे आणि मागच्या कमानीची कड, एवढ्यालाच पॉलियुरेथेनची पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) करून घ्यावी. ती १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे मूळ रंगापेक्षाही जाड असते. सिरॅमिक कोटिंगने दगड अडतो, असे सांगणाऱ्या दुकानदाराला नम्रपणे नमस्कार करावा. ते कोटिंग धुणे सोपे करते, दगड अडवणे त्याचे काम नाही.

७. ट्रॅकवर असताना

पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून फेरीमागून फेरी मारू नये. त्याने रंग जातो, रेडिएटरला गरम हवा मिळते आणि शिकायलाही काही मिळत नाही. पुढे जायचे तर ठरलेल्या सरळ भागात इशारा मिळाल्यावर जावे, नाहीतर एक फेरी सावकाश काढून अंतर वाढवावे.

ट्रॅकच्या मुख्य रेषेबाहेर टायरमधून सुटलेल्या रबराच्या गोळ्या पडलेल्या असतात. त्यांवरून गेलो की त्या तापलेल्या टायरला चिकटतात आणि दाराखाली, मागच्या बंपरवर काळे डाग उमटतात. चाके मातीत गेली, तर त्याच वेगाने परत येऊ नये. सावकाश येऊन पिटमध्ये खडे काढून घ्यावेत.

फेरी संपल्यावर तापलेल्या गाडीवर गार पाणी मारू नये. ब्रेकच्या डिस्क वाकतात, आणि तापलेल्या हेडलाइटच्या आत दमट हवा ओढली जाऊन वाफ धरते. ब्रेकचे तेल सांडले, तर मात्र त्या जागी लगेच भरपूर पाणी ओतावे. ग्लायकॉलचे हे तेल काही वेळातच रंग फुगवते, आणि नुसते पुसल्याने ते अधिक पसरते.

८. टेप काढणे

शेवटची फेरी झाली, गाडी हाताला कोमट लागेल इतपत निवली, की सावलीत लावून टेप तेव्हाच काढावी. थकवा आलेला असतो, सोबतचे चहाला बोलावत असतात, लांबचा रस्ता डोळ्यांसमोर असतो. तरीही चहा नंतर प्यावा.

पट्टी स्वतःवरच परत दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, एकसारख्या संथ गतीने ओढावी. काटकोनात वर खेचली की सगळा जोर एकाच रेषेवर येतो आणि रंग उचलतो. रंगवलेल्या भागावर पॅनेलच्या कडेपाशी विशेष सावकाश ओढावी, कारण कडेलाच रंगाची पकड सर्वांत कच्ची असते. पट्टी अडली तर केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करावी. हवा अशी असावी की मध्ये हात धरता येईल.

गोंद राहिलाच, तर रंगावर खोबरेल तेल बोटाने चोळून दहा मिनिटे ठेवावे आणि शाम्पूच्या पाण्याने धुवावे. आमच्या डेंटरने मला हा उपाय सांगितला, तेव्हा मी हसलो होतो. तो म्हणाला, “साहेब, थिनरनं गोंदबी जातो अन् रंगबी जातो. तेलानं नुसता गोंद जातो.” हेडलाइटवरच्या गोंदासाठी आधी शाम्पूचे कोमट पाणी आणि मग अल्कोहोलचे पातळ द्रावण वापरावे.

९. रबर आणि ब्रेकची धूळ

रबराचे काळे डाग नखाने खरवडू नयेत. डांबर काढण्याचे द्रावण फडक्यावर घेऊन डागावर अर्धा मिनिट धरावे. डाग मऊ होऊन उचलला जातो. ब्रेकच्या धुळीत तप्त लोहकण असतात. ते चाकांवर आणि मागच्या बाजूच्या रंगावर रुतून बसतात आणि आठ-पंधरा दिवसांत नारिंगी गंजाचे ठिपके दिसू लागतात. लोहकण काढण्याचे द्रावण फवारले की ते लोखंडाशी संयोग पावून जांभळे होते आणि ओघळू लागते. ते सावलीत, थंड पृष्ठभागावर मारावे आणि वाळण्यापूर्वी धुऊन टाकावे. चाकांचे फडके पुन्हा रंगाला लावू नये.

१०. टवके भरणे

सगळे करूनही दोन-चार टवके पडतातच. रंगाचा क्रमांक दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. नुसते ‘लाल’ सांगून बाटली आणू नये, एकाच कंपनीचे तीन-तीन लाल असतात. टवका अल्कोहोलने स्वच्छ करून, दात कोरायच्या काडीच्या टोकाने, थेंब ओघळणार नाही इतका पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर दुसरा, आणि रंग आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित खाली असतानाच थांबून वर क्लिअर कोट द्यावा. बाटलीच्या झाकणातला ब्रश वापरला की राईएवढ्या टवक्यावर हरभऱ्याएवढा ठिपका बसतो.

आधी बॉनेट, कमानीची कड आणि दाराखालचा पत्रा भरावा, कारण तेथे खाली लोखंड आहे आणि मृगाचा पहिला पाऊस लागला की गंज धरतो. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे गंजत नाही, त्याला दिवाळीपर्यंत वाट पाहता येते. माझ्या बंपरने तर दोन दिवाळ्या पाहिल्या, मग तो मी पूर्ण खरवडून, पुट्टी काढून, नव्याने रंगवून घेतला आणि महिनाभर त्याला टेपचा बोटभर तुकडाही लागू दिला नाही.